दुसरा पंप का थांबला

घटना अहवालात सतरा रकाने आहेत. सोळा भरून झाले. नववा राहिला आहे.

रकाना १. मयताचं नाव: नागनाथ शिवलिंग कोरे, वय ४८. काम: होसवाला. म्हणजे काँक्रीट पंपाच्या लांब हाताच्या टोकाला जो जाड रबरी होस लोंबतो, तो धरून काँक्रीट हवं तिथं पाडणारा.

रकाना २. ठिकाण: सोलापूर, शहराबाहेरच्या नव्या शीतगृहाचा पाया.

रकाना ३. वेळ: सकाळी ११:४२.

रकाना ४. तापमान: ४३ अंश.

रकाना ५. अहवाल लिहिणार: तरन्नुम मुल्ला, सुरक्षा अधिकारी.

रकाना ६. घटनेचं वर्णन, दोनशे अक्षरांत: होस उसळला. डोक्याला मार. जागीच मृत्यू.

दोनशे अक्षरं लागली नाहीत. बरीच जागा उरली.

फॉर्म छापून घेतला आहे. का, ते शेवटी सांगते. मागची बाजू कोरी आहे. बाकीचं इथं लिहिते.



हातावरच्या पट्ट्याबद्दल आधी.

काँक्रीट पाइपातून पाण्यासारखं वाहत नाही. ते काठीसारखं सरकतं. मधला गोळा एकसंध असतो आणि पाइपाच्या भिंतीला लागून सिमेंटच्या लगद्याचा दोनेक मिलिमीटरचा थर असतो. त्या थरावरून अख्खा गोळा घसरत पुढे जातो. उन्हानं थर सुकला की गोळा अडतो. मागून पंप ढकलत राहतो.

दुसरा प्रकार हवेचा. मिक्सर ज्या टाकीत काँक्रीट ओततो तिला हॉपर म्हणतात. हॉपरमधली पातळी खाली गेली की पंप काँक्रीटबरोबर हवाही ओढतो. हवा पाइपात दाबली जाते. टोकाला पोचली की सुटते, आणि चार मीटरचा जड होस चाबकासारखा फिरतो. त्याच्या टप्प्यात डोकं असलं तर डोकं.

जुना नियम साधा होता. लाइन नव्यानं सुरू करताना, किंवा जाम सुटल्यावर, होस कुणी धरायचा नाही. टांगता सोडायचा, त्याच्या लांबीबाहेर उभं राहायचं. काँक्रीट सलग पडू लागलं की मग जवळ जायचं. यात दर वेळी पाच मिनिटं जातात. पाच मिनिटं कुणाकडे नसतात.

पाइपावर दाबमापक बसवून पाहिले. ते बोलायचे तेव्हा उशीर झालेला असायचा. मग कुणीतरी होसवाल्यांच्याच हातांना तारा चिकटवून मोजलं. मुरलेल्या होसवाल्याच्या कोपराखालचे स्नायू होस उसळण्याआधी साधारण सव्वा सेकंद आवळतात, असं दिसलं. त्याला स्वतःला कळायच्या आत. नंतर विचारलं तर तो सांगतो, मला काही जाणवलं नव्हतं. पिस्टनचा बदललेला आवाज, होसमधली थरथर, बुटाखालच्या सळईचा कंप, या सगळ्याची शरीर आपलं आपण बेरीज करतं आणि डोक्याला न विचारता दचकतं.

कोपराखाली बांधलेला पट्टा ती दचक वाचतो. पंप थांबतो, दोन टोले उलटा फिरतो, दाब उतरतो.

एवढंच आहे. मी त्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, इतरांना दिलं. पट्टे आल्यापासून आमच्या साइटवर एकालाही होस लागला नाही. सहा महिन्यांत जुना नियम कुणी पाळेना. 'पट्टा आहे की,' म्हणायचे. एकदा शटरिंगला प्लायवूड कमी पडलं, तर कुणीतरी त्या नियमाचा फलकच उलटा करून ठोकला. मी पाहिलं. नवा फलक मागवला नाही. हे रकाना १२ मध्ये लिहिलं आहे.



सिद्धाराम बिराजदार हा ऑपरेटर. पोटाला रिमोटची पेटी बांधून होसपासून वीसेक फुटांवर उभा राहायचा आणि दोन दांड्यांनी पंपाचा हात फिरवायचा. नागनाथ कोरे होस धरायचा. अकरा वर्षं एकाच पंपावर, पंप क्रमांक एकवर. दोघं साडू. थोरली महानंदा बिराजदारच्या घरात, धाकटी कस्तुरा कोरेच्या.

त्यांचं दिवसभर चालायचं.

"पाहुणं, जरा डावीकडं घ्या की."

"डावीकडं म्हणजे तुमच्या का माझ्या?"

"सासऱ्याच्या."

दुपारी पंपाच्या सावलीत एकच डबा उघडायचा. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. इथली कडक भाकरी पापडासारखी असते, बोटांनी अलगद मोडावी लागते. कोरेच्या हातात तिचा चुरा व्हायचा. बिराजदार त्याच्या वाटणीची मोडून चटणीच्या कडेला मांडून ठेवायचा. मी हे दोन वर्षं पाहिलं. साडू साडूचे लाड करतो, असं समजत होते.



महिन्याला पट्ट्यांचे आलेख येतात. कोरेचे आलेख साइटवर सगळ्यात चांगले होते. सात महिन्यांत एकोणीस इशारे, एकोणीसही खरे.

फेब्रुवारीत मी ते मोठे करून पाहिले. दोन दचकांच्या मधल्या सपाट रेषेवर बारीक काटे होते. थांबून थांबून, दोन-दोन, तीन-तीन. होसवाला दोन्ही हातांनी होस कवटाळतो, त्याचे स्नायू सतत ताणलेले असतात. त्याची रेषा सपाट नसतेच. हे काटे अंगठ्याचे होते. दांडी पुढं, दांडी मागं.

दुपारी पंपाच्या सावलीत गेले.

"बिराजदारमामा, बाही वर करा."

त्यानं कोरेकडे पाहिलं. "पाहुण्यांना विचारा."

"हात तुमचा आहे."

"पट्टा त्यांचा आहे की."

कोरेनं घास गिळला. "मॅडम, मी सांगतो. माझ्या हाताला आता काय कळत नाही. आधी बोटं गेली, मग मनगट. ह्या थरथरीनं जातात म्हणे नसा. श्रावणात पट्ट्याची तपासणी झाली, तर माझा पट्टा रिकामा आला. तपासणारं पोरगं म्हणालं यंत्र बिघडलंय, उद्या परत बघू. उद्याच्याला पाहुण्यांनी घातला."

"का?"

"गंमत म्हणून," बिराजदार म्हणाला.

"गंमत म्हणून सात महिने?"

"चालला की. दिवसभर ह्यांच्याकडंच बघत असतोय मी. घरी बायकोकडं एवढं बघितलं असतं तर..."

"तर ती पळून गेली असती," कोरे म्हणाला, आणि दोघं हसले. मी हसले की नाही, आठवत नाही.

"मामा, होस सोडा," मी कोरेला म्हणाले. "खाली दुसरं काम बघते तुमच्यासाठी."

त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवले. ते त्याचे नसल्यासारखा त्यांच्याकडे पाहत होता.

"लेकीची लेक आणली होती परवा. मांडीवर घेतली. वजन कळलं, गाल कळला नाही. होस धरला की खांद्यापर्यंत काहीतरी येतंय, मॅडम. तेवढंच एक कळतंय मला आता. ते सोडून खाली बसलो, तर मग काय."

बिराजदारनं भाकरीचा एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला.



नोंद केली असती तर कोरे होसवरून खाली आला असता आणि बिराजदार साइटबाहेर गेला असता. नोंद करणं हे माझं काम होतं. नोंद केली असती तर कोरे आज खाली कुठंतरी बसलेला असता.

मी दुसरं केलं. पट्टा बनवणाऱ्या कंपनीला चार पानं लिहिली. मुरलेल्या ऑपरेटरचा हातही होसवाल्याकडे पाहून दचकतो, तितक्याच आधी दचकतो, एकोणीसपैकी एकोणीस. तेव्हा होसवाल्याऐवजी ऑपरेटरला पट्टा बांधायची मुभा असावी. मुभा मिळाली की जे चोरून चाललं होतं ते रीतसर होईल, असा माझा हिशोब होता.

नावं काढून टाकली. साइटचं नाव काढलं. 'होसवाला क', 'ऑपरेटर ख' असं लिहिलं. एका ठिकाणी 'दोघं साडू असून' असे शब्द आले होते, ते खोडले. त्यावरून कुणी ओळखलं असतं. शिवाय ते शास्त्रीय वाटत नव्हतं.

तीन महिन्यांनी कंपनीचं पत्रक आलं. त्यांनी आणखी तीसेक जोड्यांवर तपासून पाहिलं होतं. मुभा वगैरे नाही, नियमच. यापुढे पट्टा ऑपरेटरला. होसवाल्यांची तपासणी बंद.

कोरेनं मला शेंगापोळ्या आणून दिल्या. कस्तुरानं केल्या होत्या. चार होत्या. एक कडेनं चुरली होती, तिथं त्यानं धरलं असणार.



पत्रकाबरोबर गुणतक्ता आला. ज्या ऑपरेटरची दचक जास्त आधी आणि जास्त खरी, तो अवघड कामावर. जूनच्या सुरुवातीला साइटवर नवा पंप आला, क्रमांक दोन, लांब हाताचा. पहिल्याच महिन्याच्या तक्त्यात बिराजदार पहिला होता. त्याला पंप दोनवर टाकलं. पंप एकवर नांदेडहून आनंद तळेकर आला. त्याचे गुणही उत्तम होते. मी स्वतः तपासले.

बिराजदार माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. बूट चिखलाचे होते म्हणून आत आला नाही.

"मला नका हलवू, मॅडम."

"वरून ठरतं, मामा."

"त्या पंपावरच्या होसवाल्याला मी ओळखत बी नाही."

"ओळख होईल," मी म्हणाले.

मागून कोरे आला होता. "जावा की पाहुणं. नवा पंप आहे, आरसा बी लावलाय म्हणे त्याला. जरा तोंड बघा स्वतःचं. मला अकरा वर्षं बघावं लागलंय."

बिराजदार गेला. दुपारचा डबा मात्र पंप एकच्या सावलीतच उघडायचा. तो साइट ओलांडून चालत यायचा.



रकाना ७ मध्ये घटनाक्रम आहे. तिथं आकडे आहेत, इथं शब्द लिहिते.

मिक्सर गेटवर पन्नास मिनिटं उभा होता. काँक्रीट घट्ट झालं होतं. ११:३८ ला पंप एकची लाइन जाम झाली. तळेकरनं उलटा फिरवून सोडवली, बरोबर सोडवली. तोवर हॉपर निम्म्याच्या खाली गेला होता. पुढचा मिक्सर मागं घेताना चाक लाकडी ओंडक्यावर अडकलं, एक मिनिट गेलं. पंप सुरू झाला. हवा ओढली.

होस टांगता सोडायला हवा होता. कोरेनं धरला होता. सगळेच धरतात.

तळेकर त्याच्याकडेच पाहत होता. चौकशीत मी त्याला तीनदा विचारलं, तीनदा त्यानं तेच सांगितलं, आणि कॅमेऱ्यातही तेच दिसतं. पट्टा नीट बांधलेला होता. रेषा सरळ आहे. होस उसळल्यानंतर एक मोठा काटा आहे, तो सगळ्यांच्याच हाताला आला असता.

"माझा हात असा नाही, मॅडम," तळेकर म्हणाला. "नांदेडला एकदा बी चुकला नाही."

"तिथं होस कोण धरायचं?"

"चुलतभाऊ."

त्यानं हे सहज सांगितलं. मी लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून बसले.

मग कंपनीला फोन करून त्यांच्या तीस जोड्या मागवल्या. नावानिशी द्या, चौकशी आहे, असं मी म्हणाले. यादी आली. दोन बापलेक. बरेच भाऊ. एका गावचे. एका खोलीत राहणारे. होसवाला आणि ऑपरेटर शक्यतो एकत्रच काम धरतात, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. यंत्राला ती ठाऊक नव्हती. मला होती.



आता नवव्या रकान्याचं.

पंप एकपासून पंप दोन एकशे चाळीस मीटरवर आहे. मध्ये खांबांच्या सळयांचं जंगल आहे. बिराजदारची पाठ पंप एककडे होती. त्याच्या समोर त्याचा स्वतःचा होसवाला होता, काम नीट चाललं होतं.

यंत्रातली नोंद अशी आहे.

११:४२:०५.८ पंप क्रमांक दोन थांबला. दोन टोले उलटा.

११:४२:०७.० पंप क्रमांक एकचा होस उसळला.

पंप क्रमांक दोनला काही झालं नव्हतं. लाइन मोकळी, हॉपर भरलेला, दाब नेहमीचा.

पिस्टन हवा ओढू लागला की त्याचा आवाज बदलतो. किंचित. एकशे चाळीस मीटरवरून, दुसऱ्या पंपाच्या घरघरीतून तो ऐकू येईल असं मला वाटत नाही. पण त्या पिस्टनचा आवाज बिराजदारनं अकरा वर्षं ऐकला होता, आणि त्या आवाजाच्या टोकाला कोण उभं असतं हेही त्याच्या हाताला माहीत होतं.

कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "पंप दोनची ती नोंद खोट्या इशाऱ्यांत टाका, मॅडम. पट्टा बदलून देतो त्यांचा."

"खोटा कसा?"

"त्या पंपाला धोका नव्हता ना."

नव्हता.



चौथ्या दिवशी बिराजदार आला. या वेळी आत आला, बसला. पट्टा काढून टेबलावर ठेवला. डबा खुर्चीखाली ठेवला.

"कस्तुरा कशी आहे?" मी विचारलं.

"थोरली तिच्याजवळच आहे." मग म्हणाला, "माझा पंप का थांबला त्या दिवशी?"

"तुम्हाला काय जाणवलं होतं, मामा?"

"काय नाही. होसकडं बघत होतो. माझ्या. तर थांबला. मी त्याला आईवरनं शिवी दिली. परत चालू करायचं बटण दाबलं, तर तिकडं ओरडायला लागले." थोडा वेळ तो पट्ट्याच्या बकलाशी खेळत राहिला. "पोरं म्हणतात, तुझा पट्टा बिघडलाय. खरं आहे का?"

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्यानं दोन्ही वेळा वाचल्या. सेकंदांवर बोट ठेवून वजाबाकी केली.

"सव्वा."

"एक पॉइंट दोन."

"म्हणजे बरोबर होता."

"बरोबर होता."

"नुसता पंप दुसरा थांबला."

"हो."

त्यानं मान हलवली. एखाद्या दुरुस्तीत नेमका कुठला बोल्ट ढिला होता ते कळल्यावर हलवतात तशी.

"हे लिहिता येतंय का फॉर्मात?"

"बघते."

तो उठून गेला. खुर्चीखाली डबा राहिला होता. परत आला, घेऊन गेला. त्यात अजून दोघांच्या भाकऱ्या असतात का, मी विचारलं नाही.



नववा रकाना असा आहे: घटनेपूर्वी यंत्रणेने इशारा दिला होता का? हो किंवा नाही. 'नाही' निवडलं की फॉर्म पुढं सरकतो आणि पाठवता येतो. 'हो' निवडलं की पंप क्रमांक विचारतो. तिथं दोन टाकलं की रकाना लाल होतो. पंप क्रमांक घटनेशी जुळत नाही. मी अकरा वेळा टाकून पाहिलं.

'नाही' लिहिलं तर कागदावर असं राहील की इशारा मिळाला नाही, एक पट्टा कमी पडला आणि दुसरा बिघडला होता. दोन्ही बदलतील. गुणतक्ता तसाच राहील. तक्त्यातला दुसरा माणूस पंप दोनवर येईल, त्याच्या होसवाल्याला कुणी तिसरा मिळेल.

म्हणून फॉर्म छापला. पेनानं लिहिलेलं लाल होत नाही.

रकाना १४, मूळ कारण, मी काल भरला होता: 'हॉपरमधली पातळी.' त्याच्याखाली आज आणखी एक ओळ घातली आहे. 'सोबत माझी चार पानं जोडली आहेत, खोडलेल्या शब्दांसह आणि नावांसह. कोरे यांचा हात बधिर झाल्याचं मला फेब्रुवारीपासून माहीत होतं.' सही केली. याचं पुढं माझ्यापुरतं काय होईल ते मला साधारण माहीत आहे. त्याबद्दल काही वाटतं का, ते पाहिलं. खांद्यापर्यंत काहीतरी येतं, पण नक्की काय, ते कळत नाही.

आता कागद सुलटा करते.

रकाना ९. घटनेपूर्वी यंत्रणेने इशारा दिला होता का?

हो.

पंप क्रमांक: २.

इशारा कोणाकडून: सिद्धाराम बिराजदार, ऑपरेटर.

मयताशी नातं विचारणारा रकाना फॉर्मात नाही. समासात पट्टी धरून एक चौकट आखली. वर 'नातं' असं लिहिलं, आत लिहिलं:

साडू.